दिसलं तेवढंच सांगितलं

४ मार्च, सोमवार

सूनबाई म्हणाली, आई, तुम्हाला जे जे मला सांगावंसं वाटतं ना, ते सगळं लिहून ठेवत जा, मी सवडीनं वाचेन. केवढा मान दिला पोरीनं. वर स्वतःची मागच्या वर्षीची कोरी डायरीही दिली. वार जुळत नाहीत, ते मी खोडून नीट करते. चौथीनंतर पेन धरलं ते सही करण्यापुरतं, त्यामुळे अक्षर मुंग्यांच्या रांगेसारखं येतंय. येऊ दे. सुनेला सवड काही मिळायची नाही, मी ओळखते तिला. तेव्हा हे माझं मलाच. बरं झालं, मोकळेपणी लिहिता येईल.

तर आनंदाची गोष्ट. काल रविवार म्हणून क्लबची माणसं आली होती. आमच्या समोरच्या कारखान्यात त्या छोट्या स्पोर्ट्स गाड्या बनतात, त्या ज्यांनी घेतल्यात त्या हौशी लोकांचा हा क्लब. दर रविवारी फाटकासमोर गाड्या ओळीनं लावतात आणि कारखान्याकडे बघत उभे राहतात. रविवारी कारखाना बंद असतो. तरी बघतात. गाडी दोघांपुरती. बुटकी तर इतकी की आत शिरायचं म्हणजे पलंगाखाली गेलेली चप्पल काढायला वाकतो तसं वाकायचं. बाहेर येताना भलेभले रांगतात. पण चालू झाली की काय तो आवाज. माझ्या कपाटातले कप एकमेकांशी बोलायला लागतात.

क्लबचा सेक्रेटरी दातांचा डॉक्टर आहे, हिरवी गाडी त्याची. काल पाणी प्यायला आत आला, खिडकीतली माझी खुर्ची बघितली आणि म्हणाला, आजी, तुम्हाला इथून सगळं दिसत असेल, कोण येतं, कोण जातं. मी म्हटलं, दिसतं की. तो तिथंच बसला. कारखान्याचे मालक आता थकलेत, पोटी मूल नाही, कंपनी विकणार अशी कुणकुण आहे म्हणाला. कुणाच्या हातात पडेल या काळजीनं त्याला झोप नाही. बायको म्हणते, माझ्या ऑपरेशनच्या वेळी तर घोरत होतात.

मी म्हटलं, काळजी करू नका, मी आहे ना.

हे वाक्य म्हणायची संधी मला फार वर्षांनी मिळाली.

५ मार्च

आमचे चिरंजीव त्याच कारखान्यात सीटा शिवतात. चामड्याच्या, हातानं. लग्नाआधीपासून तेच काम. बोटांना मेणाच्या दोऱ्याचा वास येतो, साबणानंही जात नाही. जेवताना म्हणाला, आई, कारखान्यातली एकही गोष्ट त्या क्लबवाल्यांच्या कानावर जाता कामा नये. नवीन मालक कोण येतो, हाताची शिलाई ठेवतो की मशीन आणतो, काही ठरलेलं नाही. उगाच काडी पडायला नको. मला या वयात दुसरीकडे कोण घेणार.

मी म्हटलं, माझ्या तोंडाला कुलूप.

नंतर भांडी पुसताना विचार केला. कारखान्यातलं सांगायचं नाही, बरोबर. रस्त्यावरचं वेगळं. रस्ता सगळ्यांचा.

८ मार्च, शुक्रवार

आज दोन माणसं आली. टेप लावून फाटक मोजलं. उंची मोजली, रुंदी मोजली, भिंतीवर टकटक करून बघितलं. एकानं मान हलवली. मला ती मान काही बरी वाटली नाही.

१० मार्च, रविवार

काय दिवस गेला म्हणून सांगू. चिरंजीव आणि सूनबाई दर रविवारी तिच्या माहेरी जातात, तेव्हा क्लबवाले सगळे आमच्याच खोलीत जमले आणि मला मधोमध बसवलं. डॉक्टरनं स्वतः केक आणला होता, वर बदामाचे काप. सगळे माझ्या तोंडाकडे बघतायत. घरात मी बोलायला लागले की सूनबाईला गॅसवर काहीतरी ठेवल्याचं आठवतं, आणि इथं एवढी शिकलेली माणसं श्वास रोखून.

मी सांगितलं, दोन माणसं आली आणि मोजमाप घेऊन गेली. क्लबात एक टोपीवाले आहेत, रिटायर झालेले, लाल गाडी, टोपी काढली तर मी ओळखणार नाही. ते म्हणाले, संपलं. जागा विकली. इथं आता इमारत उठणार. एक तरुण माणूस भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मला वाटलं, फोन आला असेल. रडत होता.

सुनेनं केक खाल्ला. कुठून आला विचारलं नाही.

११ मार्च

चिरंजीव म्हणाला, फाटक गंजलंय, नवीन बसवायचंय, शुक्रवारी वेल्डर माप घेऊन गेला.

रविवारी पहिलं वाक्य हेच सांगायचं. ठरलं. चहाच्याही आधी.

१७ मार्च, रविवार

जमलं नाही. डॉक्टरनं माझ्या कमरेसाठी मऊ उशी आणली होती. म्हणाला, आजी, आमच्यासाठी दिवसभर बसता, त्रास होत असेल. आता ज्यानं उशी दिली त्याला लगेच तोंडावर, अहो, तो वेल्डर होता म्हणायचं? मला असला रोखठोकपणा जमत नाही.

आणि मी तरी खोटं काय बोलले? माणसं आली, मोजून गेली. दिसलं तेवढंच सांगितलं. इमारत टोपीवाल्यांनी बांधली.

पण मन खातंय. म्हणून निश्चय केला: यापुढं नुसतं डोळ्यांना दिसलेलं सांगायचं. अर्थ ज्याचा त्यानं काढावा.

उशी छान आहे.

१९ मार्च, दुपार

नवीन पाहुणी. गाडी पांढरी, उंच, लोखंडी कपाट आडवं न करता चाकांवर ठेवावं तशी. आवाज नाहीच. क्लबवाल्यांनी बघितली असती तर थुंकले असते. आतून एक बाई उतरली. तिशीची असेल. ढगळ कोट. एक हात दारावर, एक कमरेवर. उतरल्यावर जरा थांबली, वर कारखान्याकडे बघितलं, मग पाय लांब टाकत, मागं रेलून चालत आत गेली.

कोट कितीही ढगळ घाला. चार बाळंतपणं झालीत माझी. सातवा संपत आला असेल. पोट वर आहे, मुलगी होईल.

फार बरं वाटलं बघून. चांगली पोर आहे. तिनं वाटेत पडलेला कागद उचलायला बघितला, वाकता येईना, पायानं कडेला केला.

२४ मार्च, रविवार

लिहू की नको.

मी सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते, म्हणजे माझी मलाच खात्री पटेल. मी म्हटलं, एक बाई आली. भली मोठी, बिनआवाजाची गाडी. उतरली, कमरेवर हात ठेवला, कारखाना वरपासून खालपर्यंत न्याहाळला आणि छाती पुढं काढून मालकिणीसारखी आत गेली.

यात एक शब्द खोटा नाही. छाती म्हणजे, जे काही पुढं होतं ते.

डॉक्टर म्हणाला, हीच ती. कुठल्या तरी मोठ्या कंपनीची असणार. टोपीवाले म्हणाले, अहो, जी बाई या फाटकाशी असल्या डब्यातून येते तिला आपल्या गाडीचं काय प्रेम असणार? प्रेम असलेला माणूस पायी येईल, पण असल्या गाडीतून येणार नाही. सगळ्यांना पटलं. या लोकांचं हे असंच आहे. माणसाचं तोंड बघत नाहीत, तो कशातून उतरला ते बघतात. माझ्या सुनेच्या भावाला ते वर्षभर डिझेलवाले म्हणत होते.

माझ्या जिभेवर आलं होतं. अहो, पोटुशी आहे ती, तुमच्या त्या बुटक्या गाडीत ती शिरेल कशी, आणि शिरली तर काढायला कोण येणार? एवढंच म्हणायचं होतं. पण म्हटलं असतं तर सगळे हसले असते, मीटिंग तिथंच मोडली असती, आणि पुढच्या रविवारी कुणी आलं असतं की नाही.

त्यांनी बेत केला. ती पुन्हा येईल तेव्हा सगळ्या गाड्या फाटकासमोर आडव्या लावायच्या आणि बॉनेट उघडून उभं राहायचं. बंद पडल्या म्हणायचं. टोपीवाले म्हणाले, आपल्या गाड्यांच्या बाबतीत यावर कुणीही विश्वास ठेवेल. हातात पाट्या धरायच्या. आणि ती आल्याची खूण म्हणून मी खिडकीत लाल टॉवेल टाकायचा. चौकातल्या हॉटेलात कुणी ना कुणी बसलेलं असेल, तो बघून बाकीच्यांना फोन करेल.

एवढी जबाबदारी मला लग्नानंतर कुणी दिली नव्हती. लग्नातही दिली नव्हती, अंगावर पडली होती.

२६ मार्च

चिरंजीव रात्रीच्या जेवणाला बसला आणि बोटं मिटून उघडून बघत होता. सांधे दुखतात म्हणाला. मग आपणहून म्हणाला, कुणी आपलं माणूस कंपनी घेईल तर बरं. ज्याला माहितीय शिलाई कशाला म्हणतात ते.

मी मान खाली घालून जेवले. सुनेनं विचारलं, आई, बरं नाही का, आज गप्प गप्प.

ठरवलं. टॉवेल टाकायचा नाही. काहीही झालं तरी नाही. त्या पोरीला त्रास द्यायचा नाही.

२८ मार्च, गुरुवार, संध्याकाळ

मी टॉवेल टाकला नाही. मी तो वाळत घातला. सकाळी धुतला होता, ओला होता, ओला टॉवेल बादलीत ठेवला तर कुबट वास येतो. बाहेरची दोरी सुनेच्या चादरींनी भरलेली. खिडकी सोडून जागा कुठं होती?

पांढरी गाडी तेव्हा नुकतीच वळली होती, हे खरं आहे. पण टॉवेल काही घड्याळ बघून ओला होत नाही.

पाच मिनिटांत सगळ्या आल्या, हिरवी, लाल, निळ्या, पिवळ्या. फाटकासमोर आडव्या. बॉनेट उघडी. माणसं आत डोकी घालून उभी. पांढरी गाडी तोवर कोपऱ्यावरच उभी होती, ती आत फोनवर बोलत होती; आता फाटकापाशी येऊन थांबली. काचेतून तिनं बराच वेळ बघितलं. मग पाट्या वर आल्या. डॉक्टरच्या पाटीवर होतं, आमची कंपनी विकाऊ नाही. टोपीवाल्यांच्या पाटीवर होतं, परत जा.

ती उतरली. तोच कोट. टोपीवाले आदबीनं म्हणाले, मॅडम, विकत घेण्याआधी एकदा आमच्या गाडीत बसून तरी दाखवा. आणि लाल गाडीचं दार उघडून धरलं. तिनं त्या दाराकडे बघितलं. मग खाली स्वतःकडे बघितलं.

आणि सरळ रस्ता ओलांडून माझ्या दाराशी आली. म्हणाली, आजी, जरा बाथरूम वापरू का, फार वेळ दम धरलाय.

मला काय आनंद झाला. म्हटलं, ये पोरी, ये. बाहेर आली तशी तिला माझ्या खुर्चीत बसवलं, पाठीला डॉक्टरची उशी दिली, पाय स्टुलावर ठेवायला लावले. पाय सुजलेत. म्हटलं, मीठ कमी कर. चहा टाकला. बोलायला किती गोड.

ती मालकांची पुतणी निघाली. आम्ही इथं राहायला यायच्या आधी या कारखान्यातच लहानाची मोठी झाली म्हणाली, सुट्टीत चामड्याचे तुकडे वेचायची. तिच्याकडे स्वतःची गाडी आहे, इथलीच, पिवळी. तीन महिने झाले, स्टिअरिंगमागं पोट मावत नाही, म्हणून दिराची ही गाडी घेऊन फिरते. म्हणाली, हिच्यात बसले की मला हॉस्पिटलमध्ये बसल्यासारखं वाटतं. नवऱ्याचं म्हणणं, मूल होणार, त्यात हा व्याप कशाला. तरी तिनं कंपनी स्वतः चालवायचं मनाशी ठरवलं होतं. आज काकांना हो सांगायला आली होती.

मग खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, मी लहान असताना ही माणसं रविवारी यायची, मी गच्चीवरून हात करायची. यांच्याच जिवावर मी हो म्हणणार होते. यांना माझा एवढा राग का, आजी? तुम्ही तर रोज बघत असाल यांना.

मी म्हटलं, मी कशाला बघतेय बाई, मी आपली घरात असते.

आता लिहिताना दिसतंय, तेव्हा मला एवढंच करायचं होतं: दार उघडायचं, रस्ता ओलांडायचा आणि डॉक्टरला सांगायचं की ही कोण. पण चहा उतू चालला होता. पायात चप्पल नव्हती. आणि डॉक्टरनं विचारलं असतं, आजी, तुम्ही एवढी जवळून बघितलीत तिला, तुमच्या लक्षात नाही आलं? मग काय सांगायचं होतं?

चहा अर्धा टाकून गेली. मी म्हटलं, जपून जा. गाड्यांच्या मधल्या फटीतून, आडवी होऊन, कशीबशी कारखान्यात गेली. बाहेर आली ती पाट्यांकडे न बघता.

टॉवेल वाळला. काढून घडी घातली.

२९ मार्च

चिरंजीव दुपारीच घरी आला. मालकांनी सगळ्यांना गोळा केलं आणि सांगितलं. पुतणी घेणार होती, एकेका कारागिराला नाव घेऊन विचारलं होतं तिनं. काल नाही म्हणाली. दारातच माणसं आपल्याला नको म्हणतायत, त्यात हा पसारा आणि पोटात मूल, कुणाच्या भरवशावर करू म्हणाली. मालकांची तब्येत थांबू देत नाही. मोठ्या कंपनीला विकतायत. ते नाव घेणार, नकाशे घेणार, गाड्या दुसरीकडे करणार. सीटा मशीनवर.

सूनबाई म्हणाली, कोण होती ती माणसं दारात? चिरंजीव म्हणाला, क्लबवाले, आणखी कोण. त्यांना कसं कळलं ती नेमकी कधी येणार, देव जाणे.

मी देवाचं नाव ऐकून आत गेले.

३१ मार्च, रविवार

कुणी आलं नाही. कप काढून ठेवले होते, परत ठेवले.

३ एप्रिल

पुतणीला भेटून सगळं सांगायचं. निर्णय पक्का. मी पाया पडेन, ती फिरेल, पोरगी मऊ मनाची आहे. हात हलवत कसं जायचं म्हणून बाळासाठी टोपडं विणायला घेतलं. टोपडं झालं की जायचं.

५ एप्रिल

टोपडं मोठं झालं. उसवलं.

६ एप्रिल

टोपडं घेऊन फाटकाशी गेले. वॉचमन म्हणाला, कागदांवर काल सह्या झाल्या आजी, बाईसाहेब आता इकडे येत नाहीत. बाळाला उशीर आहे ना, टोपडं ठेवून द्या. मी तेवढी दोन दिवस आधी आले असते तर. पण उसवलेली लोकर पुन्हा गुंडाळायला वेळ लागतो, हे कुणी लक्षात घेत नाही.

७ एप्रिल, रविवार

डॉक्टर एकटाच आला. गाडी लांब लावली होती. तोंड इतकंसं. उशी परत न्यायला आला असेल असं मला वाटलं. मी सगळं बोलायला सुरुवात केली, म्हटलं, डॉक्टर, माझं चुकलं. तो म्हणाला, आजी, तुमचं काय चुकलं, तुम्ही दिसलं ते सांगितलंत. चूक माझी. टोपीवाल्यांनी दार उघडलं तेव्हा मी तिचं पोट बघितलं होतं. त्याच वेळी बॉनेट खाली पाडायला हवं होतं. पण सगळ्यांना मीच बोलावलेलं, माघार कशी घ्यायची. मी डॉक्टर आहे, दातांचा असलो तरी.

रडला. मी पाठीवरून हात फिरवला.

इतक्या मोठ्या मनाचा माणूस. सगळं आपल्या अंगावर घेतलं. त्याला इतकं हलकं वाटत होतं की त्यात मी मध्ये बोलणं बरं दिसलं नसतं.

उशी नेली नाही.

१५ एप्रिल

चिरंजीवाचा घरी पहिला दिवस. सकाळी नेहमीच्या वेळी उठला, दाढी केली, डबा भरायला सांगणार होता, मग थांबला. दुपारी येऊन म्हणाला, आई, जरा सरक. खिडकीत दुसरी खुर्ची आणली. दोघं बसलो. फाटकाला कुलूप. नवीन फाटक नाहीच बसवलं.

मग म्हणाला, आई, त्या दिवशी तू इथंच होतीस ना? ती दोनदा आली म्हणतात. दोनदा तुझ्यासमोरून गेली. तुला काहीच कसं दिसलं नाही गं?

मी म्हटलं, अरे, माझी नजर आता पूर्वीसारखी राहिली नाही. लांबचं सगळं धुरकट दिसतं.

त्याला किती वाईट वाटलं. म्हणाला, हे तू आधी का नाही सांगितलंस, आम्ही लक्षच देत नाही तुझ्याकडे. लगेच डोळ्यांच्या डॉक्टरला फोन केला. कामावर असता तर एवढा वेळ मिळाला नसता त्याला. लेक असावा तर असा.

१८ एप्रिल

उद्या जायचं. अक्षरं चुकीची वाचायची असं ठरवलंय. वरची मोठी बरोबर, खालची चूक. अवघड काय त्यात.

१९ एप्रिल, शुक्रवार

त्यांनी अक्षरं वाचायलाच लावली नाहीत. एका यंत्रात हनुवटी ठेवायला सांगितली, डोळ्यात उजेड सोडला, यंत्रानंच कागद काढून दिला. डॉक्टरीण बाई कागद बघून हसल्या. चिरंजीवाला म्हणाल्या, काय हो, कशाला आणलंत आईंना? मोतीबिंदू नाही, नंबर नाही, काही नाही. या वयात अशी नजर मी तरी बघितली नाही. तुमच्या रस्त्यावरच्या माणसाच्या कोटाचं बटण सुद्धा यांना दिसत असेल.

त्यानं बाईंचे आभार मानले. माझा हात धरून मला पायऱ्या उतरवल्या. रस्ता ओलांडताना हात धरला, ओलांडून झाल्यावर सोडला.

घरापर्यंत तो काही बोलला नाही. मीही नाही. मला इतका वेळ गप्प राहता येतं, हे मला माहीत नव्हतं.

घरी आल्यावर सुनेनं विचारलं, काय म्हणाले डोळ्यांचं? तो म्हणाला, काही नाही, आईला सगळं दिसतं. आणि खिडकीतली त्याची खुर्ची उचलून आतल्या खोलीत घेऊन गेला.